बालदीवरच्या दोना लुर्दिस

दोना लुर्दिस यांची नि माझी ओळख बोलणी खाण्यापासून सुरू झाली. आखाताकाठच्या अल खफजीच्या जेट्टीवर सकाळचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. सत्तरी उलटलेली एक बुटकी बाई, पायांत रबरी सपाता, डोक्यावर गवताची टोपी, एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी इंग्रजीत काहीतरी बोलत होती. ते अरबीत सांगायचं काम माझं. मी त्यांच्याकडे हात करून म्हटलं, "या बाई म्हणतायत की..." आणि दोना लुर्दिस यांनी तळहात वर करून मला तिथेच थांबवलं.

"तू आत्ता 'ही बाई म्हणते' असं म्हणालीस ना? हातावरून कळलं. तसं नाही म्हणायचं. 'मी' म्हणायचं."

"पण बोलताय तुम्ही," मी म्हटलं.

"मग काय झालं? मला भूक लागली तर तू 'मला भूक लागली' असंच सांगायचं. जेवायचं मी बघेन. माझ्या आणि त्याच्या मध्ये तू अशी पहारेकऱ्यासारखी उभी राहिलीस तर आम्ही एकमेकांकडे बघणार कसे?"

पहिल्याच दिवशी पहारेकरी झाले. नोकरी सोडून घरी जावं असं वाटलं, पण जायचं कुठे? नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पंधरा पंधरा दिवस असतो, मुलगी शाळेत, आणि खफजीत करमणूक म्हणजे समुद्र आणि धूळ. मी नसरीन, मूळची श्रीवर्धनची. वडिलांचं मदिनेत अत्तराचं दुकान होतं, माझं बालपण तिथे गेलं, म्हणून अरबी येते. ती पुस्तकातली नाही, यात्रेकरूंशी घासाघीस करून पक्की झालेली. रियाधची एक कंपनी इथे सिनेमा काढतेय, अरबी, हिंदी आणि इंग्रजी बोलणारी बाई हवीय, असं कळलं आणि मी गेले. ब्राझीलच्या दिग्दर्शिका, नाव लुर्दिस, तिकडे मानाने 'दोना' म्हणतात, एवढंच ऐकलं होतं. काळा चष्मा, हातात कर्णा, मागे छत्री धरणारा माणूस, असं काहीतरी डोळ्यांपुढे होतं. प्रत्यक्षात निघाल्या या सपातावाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला "बालदे" आणायला सांगितलं. मी काही न विचारता बालदी आणून दिली आणि मग दोघीही एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांच्या पोर्तुगीज भाषेतला शब्द आमच्या न्हाणीघरात कधीचा नांदत होता. मी बटाटा म्हटलं, चावी म्हटलं, घमेलं म्हटलं. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवू लागल्या. ती बालदी त्यांनी कॅमेऱ्याच्या पायाशी उपडी घातली आणि वर बसल्या. त्यांचं आसन शेवटपर्यंत तेच. कंपनीने त्यांच्या नावाची कापडी खुर्ची पाठवली होती. तिच्यावर आमचा पेशावरचा ड्रायव्हर दुपारची झोप काढायचा आणि दोना लुर्दिस त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून खुर्ची अलगद फिरवायच्या.

त्यांच्या कामाची रीत आमच्या कुणाच्याच डोक्यात बसत नव्हती. जुन्या पद्धतीने, खऱ्या फिल्मच्या रिळावर त्या चित्रण करत. रीळ परदेशात धुऊन येईपर्यंत त्यावर काय उतरलंय ते देवालाच ठाऊक. समोर टीव्हीसारखा पडदा ठेवून बघणं त्यांना मंजूर नव्हतं. "माणूस समोर बसलेला असताना त्याचं चित्र कशाला बघायचं?" असं म्हणायच्या. चित्रण सुरू करताना आरोळी नाही, थांबवताना नाही. सुरू करताना सपाता काढून ठेवायच्या आणि बालदीवर बसायच्या, की कॅमेरामनने समजायचं. संपलं की समोरच्या माणसाकडे बघून हळू म्हणायच्या, "ओब्रिगादा." म्हणजे आभारी आहे. कामगाराचे असे दिवसभर आभार मानणारा मुकादम मी तरी आखातात दुसरा पाहिला नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. सिनेमाचं काम सुरू होण्याआधी प्रत्येकाने, अगदी ड्रायव्हरनेसुद्धा, एकदा कॅमेऱ्यासमोर थोडा वेळ गप्प बसायचं. कॅमेऱ्यात फिल्म नसायची. दोना लुर्दिस नुसत्या भिंगातून बघत राहायच्या. "ज्याला दुसऱ्याचा चेहरा घ्यायचाय त्याने आधी आपला द्यावा." मग माझी पाळी आली. आपल्याकडे कुणी इतका वेळ, काही न मागता, बघत बसल्याची आठवणच नव्हती. उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी बसतेस." मुलीला त्या दिवशी ताप होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरने विचारलं, "अम्माजी, आप नहीं बैठेंगी?"

"माझा चेहरा मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि विषय संपवला.

त्या ब्राझीलच्या ज्या किनाऱ्यावरच्या, तिथे काजूची झाडं मोप. माझ्या डब्यातली काजूची उसळ त्यांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा बोलायच्या थांबल्या. डबा नाकाशी नेला. हे झाड मूळचं आमचं, तुमच्याकडे आमच्याकडून आलं, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि मग विचारलं, "फळाचं काय करता?" मी खरं ते सांगितलं, की बोंडं बरीचशी झाडाखालीच कुजतात, आम्हाला बी महत्त्वाची. त्यांनी डोक्याला हात लावला. "फळ टाकता आणि बी खाता! तुम्ही लोक गोष्ट शेवटाकडून वाचता." त्यानंतर माझ्या डब्यावर त्यांनी कायमचा हक्क सांगितला. बदल्यात मला त्यांची बोलणी मिळायची, आणि ती मी आजही वापरते. "घाई असेल त्याने फोटो काढावा." हे त्या कंपनीच्या माणसांना ऐकवायच्या. दुसरं मला फार आवडायचं: "कॅमेरा हा पाहुणा आहे. पाहुण्याने घरातली कपाटं उघडायची नसतात."

त्यांचा मदतनीस रामी बैरूतचा. हुशार, चपळ, चोवीस तास कानाला फोन; म्हणून अरबी येत असूनही दुभाषेपण माझ्याकडे. दोना लुर्दिस म्हणजे त्याचं दैवत होतं. त्याच्याच तोंडून मला कळलं की या सपातावाल्या बाई जगभर नावाजलेल्या आहेत. त्यांच्या पहिल्याच सिनेमात एक मच्छीमाराचा मुलगा किनाऱ्यावर उभा राहून रडतो. तेवढंच दृश्य, पण सिनेमाच्या शाळांमधून ते शिकवतात म्हणे. "मॅडम, ते रडणं बघून मी या धंद्यात आलो," रामी म्हणाला. मी ते घरी फोनवर बघितलं. सात-आठ वर्षांचं पोर, मागे समुद्र, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होत जातं ते मी मागे घेऊन पुन्हा बघितलं. माझी मुलगी, जी माझ्याशी इंग्रजीशिवाय बोलत नाही, ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, हे खरंच रडतंय." चक्क मराठीत.

दुसऱ्या दिवशी मी हे दोना लुर्दिसना उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग भरती किती वाजता आहे ते विचारलं आणि जेट्टीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. त्या दृश्याचं कौतुक निघालं की त्या अशाच उठून जायच्या हे मला नंतर लक्षात आलं. थोर माणसांचा विनय, असं मी समजले.

इथला सिनेमा होता अबू सालेम यांचा. तोच तो पहिल्या दिवशीचा म्हातारा मच्छीमार. त्यांची कहाणी खफजीत सगळ्यांना माहीत आहे. तरुणपणी त्यांचा थोरला भाऊ होडी घेऊन गेला तो आला नाही. होडी नाही, कपडा नाही, काही म्हणजे काही किनाऱ्याला लागलं नाही. त्या दिवसापासून अबू सालेम यांनी भावाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. घरातल्या कुणा पोराला ते नाव ठेवू दिलं नाही. सिनेमात ते जाळी विणतात, मासे विकतात, नातवंडांवर ओरडतात, आणि शेवटी जेट्टीवर बसून समुद्राकडे बघून भावाला नावाने हाक मारतात. हे त्यांनीच आपणहून कबूल केलं होतं. "मरायच्या आधी एकदा ते नाव घ्यायचंय," म्हणाले होते.

पण ते जमेना. अबू सालेम जेट्टीवर येऊन बसत. दोना लुर्दिस सपाता काढून बालदीवर बसत. वारा, पाणी, चिमणे समुद्रपक्षी, सगळं चालू असे. म्हाताऱ्याचे ओठ उघडत, पुन्हा मिटत. बऱ्याच वेळाने दोना लुर्दिस म्हणत, "ओब्रिगादा," आणि आम्ही गाशा गुंडाळत असू. असं रोज. जेट्टीचा परवाना संपत आला होता, कॅमेरा परत जायचा होता, रियाधहून फोनांवर फोन येत होते. त्यात डॉक्टरांनी दोना लुर्दिसना पुढे काम करायला मनाई केलेली. "हा माझा शेवटचा," हे त्यांनी मला दुकान बंद करणाऱ्या माणसाच्या सुरात सांगितलं होतं. शेवट नसलेला शेवटचा सिनेमा घेऊन ही बाई घरी जाणार, हे मला पाहवत नव्हतं. त्या मात्र बालदीवर शांत.

मग एका सकाळी ते घडलं. अबू सालेम बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा चेहरा फुटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांनी दोन्ही हात समुद्राकडे केले आणि हाक मारली, "फहद! अरे फहद!" वळकटीत बांधून ठेवलेली इतक्या वर्षांची हाक होती ती. जेट्टीवरच्या माणसांनी हातातली कामं टाकली. कॅमेरामन रडत होता, ड्रायव्हर रडत होता, मी अबायाच्या बाहीने डोळे पुसत होते. दोना लुर्दिस यांचे ओठ हलले, "ओब्रिगादा." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रामीने तर मला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

अबू सालेम उठून थेट माझ्याकडे आले. डोळे अजून वाहत होते. म्हणाले, "आता फळी दाखवा."

मला कळेना. मी नेहमीसारखं इंग्रजीत सांगितलं, "आता फळी दाखवा."

"कसली फळी?" दोना लुर्दिस यांनी विचारलं.

"फहदच्या होडीची. हिरवी. सरहद्दीजवळ वाळूत सापडली ना? त्या मुलाने सांगितलं सकाळी."

मी ते सांगितलं आणि सांगतानाच मला कळलं, अशी फळी नाहीच. रामी जमिनीकडे बघत होता. "मी सिनेमासाठी केलं, दोना लुर्दिस," तो म्हणाला. "तुमच्यासाठी केलं."

मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण त्या त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या त्यात राग नव्हता. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडूनच शिकलास." मग अनवाणीच कॅमेऱ्याजवळ गेल्या, वरचा फिल्मचा डबा काढून मागितला, आणि त्याचं झाकण उघडलं. कॅमेरामन पोर्तुगीजमध्ये काहीतरी ओरडला. दोना लुर्दिस यांनी फिल्म वीत वीत बाहेर ओढली, सावकाश, दोरी उलगडावी तशी. खफजीच्या त्या उन्हात. सगळी. न धुतलेल्या फिल्मला ऊन लागलं की ती गेलीच. हाक, हात, डोळे, सगळं जळून गेलं. त्यांच्या पायाशी चकाकणारा गुंताळा पडला.

मी माणसं रागाच्या भरात भांडी फोडताना पाहिली आहेत. हे तसं नव्हतं. आयुष्यभर ज्याच्यासाठी धडपड केली ते हातात आलेलं असताना, कुणी मागितलेलं नसताना, एक बाई ते उन्हात धरते.  

मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आता सांग त्यांना. फळी नाही. मी खोटं बोलले."

"पण रामीने..." मी म्हटलं.

"मी, नसरीन. मी म्हण."

मी अबू सालेम यांच्याकडे बघून त्यांच्या भाषेत म्हटलं, "फळी नाही. मी खोटं बोलले." ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्याकडे. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि निघून गेले. पाठ एकदम वाकलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्याही नाही. तेव्हा दोना लुर्दिस रामीला आणि मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. दारी आलेल्या माणसाला अरब परत पाठवत नाही, मग तो कुणीही असो. अबू सालेम यांनी बैठकीत बसवलं, स्वतः कॉफी ओतली, पण बोलले नाहीत. त्यांचे दोन म्हातारे मित्र बसले होते, तेही मूग गिळून. दोना लुर्दिस यांनी पेला घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला. त्यांचा हात थरथरत होता, एवढंच कारण. बैठकीतली माणसं मात्र सावरून बसली. इकडची जुनी रीत अशी की पाहुण्याने कॉफी न पिता पेला खाली ठेवला, तर त्याला काही मागायचं असतं. मागणं पुरं केल्याशिवाय तो पिणार नाही, आणि पाहुणा न पिता उठला तर ती यजमानाची बेअब्रू.

"माग," अबू सालेम म्हणाले.

मी दोना लुर्दिसना घाईघाईने रीत समजावली. रामी पुढे झुकून कुजबुजला, "सीन मागा. त्यांना नाही म्हणता येणार नाही. मागा ना!" त्याचं खोटं नव्हतं. एका वाक्यात सिनेमा पुरा झाला असता, आणि या वेळी त्यात लबाडी नव्हती.

दोना लुर्दिस यांनी त्याला हाताने मागे सारलं. मग म्हणाल्या, आणि मी त्यांच्या मागोमाग अरबीत म्हणाले, "माझं एवढंच मागणं. ते नाव तू कॅमेऱ्यासमोर पुन्हा कधीही घेऊ नकोस. माझ्या नाही, कुणाच्याच नाही."

रामीने डोळे मिटले.  अबू सालेम यांनी मान हलवली. "दिलं. पी."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलून एका घोटात रिकामा केला. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "कॉफी छान होती. तुमच्या इथे तिच्यात वेलदोडा घालतात, नाही?" 

शेवटच्या दिवशी आम्ही जेट्टीवर सामान बांधायला गेलो तर अबू सालेम आधीच येऊन बसलेले. शेजारी कॉफीचं उभं पितळी भांडं आणि पेले. पहिला पेला त्यांनी रामीला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी आपण इतके दिवस बसत होतो त्या जागेवर बोट दाखवून दोना लुर्दिसना म्हटलं, "आज तू बस. मी बघतो."

मी सांगितलं. त्या पुन्हा 'माझा चेहरा मला माहीत आहे' म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या नाहीत. सपाता काढल्या आणि जाऊन बसल्या. टोपी काढली. विरळ पांढरे केस वाऱ्याने उडायला लागले. कॅमेरामनने कॅमेरा सुरू केला आणि बाजूला झाला. रामीने माईक धरला. अबू सालेम यांनी भिंगाला डोळा लावला. बालदीवर कुणीच नव्हतं.

"खोटं तो पोरगा बोलला," भिंगामागून अबू सालेम म्हणाले. "मग तू 'मी' का म्हणालीस?"

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कारण आधी मी बोलले होते. माझ्या पहिल्या सिनेमात एक मुलगा होता. त्याला रडता येत नव्हतं. मी त्याच्या कानात सांगितलं, तुझा बाप गेला, त्याचा तराफा बुडाला. तो रडला. संध्याकाळी बाप मासे घेऊन परत आला. सगळे हसले, मीही हसले. मुलगा हसला नाही. त्याची आई मला म्हणाली, जे त्याला एक दिवस बघायचंच होतं ते तू आधीच दाखवून ठेवलंस. त्या रडण्याने मला सगळं दिलं. जगात कुठेही गेले की लोक तेच काढतात." त्या थांबल्या. "मी त्याचं नाव कधी कुणाला सांगितलं नाही. झेका. झेका त्याचं नाव."

मी अरबीत सगळं सांगितलं, 'मी' म्हणत, शेवटच्या नावापर्यंत.  मग अबू सालेम यांचा आवाज आला, हाक नव्हे, शेजाऱ्याची ओळख करून द्यावी तसा.

"फहद."

आणि थोड्या वेळाने, आता थांबायचं कसं हे न कळून, त्यांनी रोज कानांवर पडलेला शब्द वापरला. "ओब्रिगादा."

डोळा काढल्यावर मला म्हणाले, "सांग तिला, मी शब्द मोडला नाही. मी कॅमेऱ्याच्या मागे होतो."

दोना लुर्दिस ब्राझीलला परत गेल्या त्याला आता वर्ष होईल. सिनेमा मी खोबर शहरातल्या थिएटरात पाहिला, एका बाजूला नवरा, एका बाजूला मुलगी. शेवटचं दृश्य तेच आहे. माझा आवाज त्यांनी काढून टाकला आहे. पडद्यावर फक्त त्यांचा चेहरा, उडणारे केस, मागे समुद्र. त्या "झेका" म्हणतात आणि गप्प होतात. मग कुठूनतरी तो घोगरा आवाज येतो, "फहद," आणि त्या मान वर करतात. अरबीचा एकही शब्द त्यांना येत नव्हता. तेव्हा मी तिथेच, दोन हात अंतरावर उभी होते, सांगायला तोंड उघडलं होतं. पडद्यावर त्यांचा तळहात वर होतो, पहिल्या दिवशी मला थांबवलं होतं तसाच. त्यांना कळलेलं असतं.